कच्चे टाके

शाळा उघडायला आली की त्या घरात माणसांनी बसायचं कुठे, हा प्रश्नच असे. पलंगावर गडद निळ्या कापडाचे तागे, खुर्च्यांच्या पाठींवर कापलेले पुढचे भाग, दाराच्या कडीला लटकणारे पाठीचे भाग, आणि जेवायच्या टेबलाचा अर्धा भाग शिवणयंत्राने अडवलेला. उरलेल्या अर्ध्यात चौघांनी कोपरं आवरून जेवायचं. वडील बस चालवायचे. कामावरून आले की दारातच थांबून विचारायचे, "आत यायला सिग्नल मिळाला का?" मग धाकटा उंबऱ्यात येऊन शिट्टी वाजवायचा आणि दोन्ही हात हलवत त्यांना कापडांच्या ढिगांमधून वाट दाखवत आत आणायचा.

शाळेचा एक नियम होता. शेवटच्या वर्षाच्या मुलामुलींनी पांढऱ्या शर्टावर बिनबाह्यांचं निळं जॅकेट घालायचं. खालच्या वर्गांना ते नाही. कालपर्यंत जिन्यावरून धडाधडा उतरणारी पोरं ते जॅकेट अंगात आलं की एकदम सावकाश चालायला लागत. ही जॅकेटं बरीच वर्षं आईच शिवत आली होती, आणि त्यांची काजं गेली काही वर्षं थोरली करत होती. हाताने केलेली काजं. यंत्रावरच्या काजाला जीव नसतो, असं आईचं मत. थोरलीचा टाका इतका बारीक आणि सारखा यायचा की शाळेच्या मोठ्या बाईंनी एकदा भिंग मागवून तो पाहिला होता.

या वर्षी थोरली स्वतःच शेवटच्या वर्षात जाणार होती.

"एवढी वर्षं दुसऱ्यांची केलीस, आता स्वतःच्या जॅकेटची काजं करशील," आई म्हणाली, तेव्हा थोरली सुईत दोरा ओवत होती. स्वतःसाठी नाही, आईसाठी. अलीकडे आईला दोरा ओवता येईनासा झाला होता. सकाळीच थोरली पाच-सहा सुया ओवून उशीला टोचून ठेवायची.

"करीन," ती म्हणाली आणि पुढची सुई घेतली.

मापं द्यायला मुलं यायला लागली तशी थोरली स्वयंपाकघरात जायला लागली. आधी ती आईशेजारी बसून मापं उतरवून घ्यायची. आता ते काम धाकट्याकडे आलं. त्याचा सात आणि एक ओळखू येत नसे, म्हणून आईला प्रत्येक आकडा दोनदा विचारावा लागे.

"तायडी कुठे लपली?" धाकटा ओरडायचा.

"राहू दे रे. मोठी झाली, वर्गातल्या पोरांसमोर लाजते," आई म्हणायची. तोंडात टाचण्या धरून बोलत असल्याने तिचं सगळं बोलणं दातांमधून यायचं.

एका दुपारी वर्गातली एक उंच मुलगी मैत्रिणीला घेऊन आली. सगळे तिला लंबी म्हणत आणि तिला ते आवडायचं. थोरलीने आवाज ओळखला आणि नळ बारीक सोडून भांड्यांशी उभी राहिली.

"हात वर कर," आई म्हणाली. "अगं केवढी वाढलीस! कापड पुरायचं नाही तुला."

"काकू, पंजा इथेच राहते ना?"

"कोण?"

"पंजा." मैत्रिणीला हसू आवरेना. लंबीही हसायला लागली. "काही नाही काकू, अशीच आमची एक मनीमाऊ आहे."

"नाही बाई, आमच्याकडे मांजर नाही. कापडावर केस पडतात," आई मनापासून म्हणाली. मग त्या दोघी इतक्या हसल्या की आईला टेप पुन्हा लावावा लागला. मुली गोड आहेत असं वाटून तिने लंबीला जॅकेटच्या आत एक चोरखिसा लावून द्यायचं कबूल केलं.

स्वयंपाकघरात थोरलीने नळ पूर्ण सोडला.

पंजा म्हणजे तीच. गेल्या वार्षिक परीक्षेला, पदार्थविज्ञानाच्या पेपरात, पहिला प्रश्न वाचता वाचता तिचा श्वास वाढला होता. प्रश्न अवघड नव्हता. तिला उत्तर येत होतं. पण श्वास धावायला लागला तो थांबेना, ओठांभोवती मुंग्या आल्या, मग बोटांना आल्या, आणि तिच्या डोळ्यांदेखत दोन्ही हातांची बोटं आत वळून एकमेकांना चिकटली. पेन खाली पडलं. तिने ते उचलायला हात नेला तेव्हा शेजारच्या बाकावरचा मुलगा किंचाळला, कारण तो हात माणसाच्या हातासारखा दिसत नव्हता. पहारा करणाऱ्या सरांनी तिला बाहेर नेऊन बसवलं. थोड्या वेळाने बोटं आपोआप सुटली. वर्षभराचे गुण चांगले होते म्हणून शाळेने तिला वर ढकललं. घरी तिने "पेपर ठीक गेला" एवढंच सांगितलं. पुढे निकाल आला, ती पास होती, आणि पास झालेल्या मुलीला कोणी काही विचारत नाही.

ते का झालं हे तिने वाचनालयातल्या जाड पुस्तकात शोधून काढलं होतं. भराभर श्वास घेतला की रक्तातला कर्बवायू कमी होतो, मग कॅल्शियमचं गणित बिघडतं, मग स्नायू आखडतात. सगळं सुसंगत होतं. पण कारण कळलं म्हणून भीती गेली नाही. उलट आता श्वास जरा वाढला की तिला पुढच्या सगळ्या पायऱ्या क्रमाने दिसायच्या.

शाळेची सुट्टी अशी सरत होती. पाववाला म्हणायचा, "यंदा महत्त्वाचं वर्ष!" शेजारच्या काकू जिन्यात अडवून म्हणायच्या, "आता एकच वर्ष, जीव तोडून कर, मग आयुष्यभर आराम." वडील म्हणायचे, "शेवटचा स्टॉप आला, उतरायची तयारी ठेव." सगळे प्रेमानेच म्हणत. प्रत्येक वेळी थोरली हसायची. नंतर जेवताना ताटातलं अर्धं ती धाकट्याच्या ताटात सारायची. तो वाढत्या वयाचा, काही न विचारता खाऊन टाकायचा. अंगात ती वडिलांचा जुना शर्ट घालायची. उकडतंय म्हणायची. त्या शर्टात दोन थोरल्या मावल्या असत्या.

तिची आशा एकाच गोष्टीवर होती. घरचं काम नेहमी शेवटी होतं. आईच्या हातून गिऱ्हाइकांची कामं उरकता उरकता कदाचित तिचं जॅकेट राहूनच जाईल, आणि जॅकेटशिवाय शेवटच्या वर्षात बसू देत नाहीत. एक-दोन आठवडे तरी निघतील. त्यापुढे काय, याचा विचार तिने केला नव्हता. लंबीला खरंच कापड कमी पडलं तेव्हा थोरलीने स्वतःसाठी बाजूला ठेवलेला तुकडा आईपुढे आणून ठेवला.

"तुझं काय मग?"

"बघू नंतर."

"फार मोठ्या मनाची गं माझी बाय," आई म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी बाजारातून नवा तुकडा घेऊन आली.

तो कापायला घेतला तेव्हा थोरली दाराशी उभी होती. आईने खडू उचलला आणि टेपला हातही लावला नाही. गावातल्या सगळ्या मुलांना ती टेप लावायची, पण घरच्यांना कधीच नाही. घरच्यांचे कपडे ती नजरेनेच बेतायची. तिला शिवण शिकवलं ते तिच्या आत्याने, आणि आत्याची रीत तीच होती. ज्याला आपण रोज जेवायला वाढतो त्याला मापायचं कशाला?

"मी उभी राहू का?" थोरलीने विचारलं. विचारताना तिचं लक्ष टेपवर होतं. टेप लावला तर आकडा बोलणार.

"तू कशाला? गेल्या वर्षीपेक्षा दोन बोटं वाढली असशील, दुसरं काय." खडूची रेघ एका दमात वळली. कात्री कापडात शिरली. थोरलीने सुटकेचा श्वास टाकला आणि तो मोजूनमापून, हळू टाकला.

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी, उन्हं उतरताना, सगळी जॅकेटं इस्त्री होऊन पलंगावर चळतीने रचली होती. गठ्ठा न्यायला शाळेचे शिपाईमामा यायचे होते. वडील तेवढ्यात येऊन, सिग्नल घेऊन, एका मोकळ्या झालेल्या खुर्चीवर बसले होते.

"आता तुझं घाल बघू," आई म्हणाली. "काजं तुझ्याच हातची आहेत, नावं ठेवायची सोय नाही."

थोरलीने शर्टावर जॅकेट चढवलं. बटणं लावली.

खांद्याची शिवण दंडावर उतरली होती. बगलेखाली कापडाची घडी पडली होती. पुढून पाहिलं तर जॅकेट कोणीतरी खुंटीला अडकवल्यासारखं सरळ खाली पडत होतं.

"तायडी, तुझ्यात अजून एक जण मावेल," धाकटा म्हणाला. "मी येऊ?"

कोणी हसलं नाही. आई जवळ आली. तिने बगलेतलं जादा कापड चिमटीत धरलं, सोडलं, पुन्हा धरलं. मग डोळ्यांवरचा चष्मा काढून पदराने पुसला.

"हे मी कापलं?" ती म्हणाली.

"अगं, होतं असं," वडील म्हणाले. "चष्म्याचा नंबर वाढला असेल. मी पण परवा पाटी वाचायला..."

"नंबर नाही हो." आई खुर्चीवर टेकली. "आत्याचं असंच सुरू झालं होतं. पहिल्यांदा दोरा ओवता येईना. मग घरच्यांचे कपडे चुकायला लागले. काकांचा सदरा एवढा मोठा केला तिने, आम्ही सगळे हसलो. तीही हसली. पुढे दोन वर्षांत तिला आमचे चेहरे दिसेनासे झाले."

दारात शिपाईमामा उभे राहिले. "बाई, बांधा गठ्ठा. मोठ्या बाई वाट बघतायत, उद्या सकाळी वाटायचीत."

"थांबा मामा. आज नाही देता येणार."

"आज नाही म्हणजे? उद्या शाळा आहे!"

"मला सगळी परत बघू दे." आई उठून पलंगापाशी गेली. तिने पहिलं जॅकेट काढलं, मापांची चिठ्ठी शोधली, टेप लावला, आणि टेपवरचा आकडा वाचता वाचता थांबली. टेप डोळ्यांच्या जवळ नेला, लांब नेला. "मला नीट दिसतंय की नाही, तेच मला कळत नाही. थोरले, तू वाच."

थोरलीने ढगळ जॅकेट अंगात तसंच ठेवून टेप हातात घेतला. छाती, कंबर, खांदा, उंची. चिठ्ठीशी जुळलं. दुसरं जुळलं. लंबीचं, चोरखिशासकट, जुळलं. ती वाचत गेली आणि आई नुसती मान हलवत गेली. प्रत्येक बरोबर आकड्याने आईचा चेहरा सुटायला हवा होता. तो आणखी मिटत होता.

"सगळी बरोबर आहेत बाई," शिपाईमामा समजुतीच्या सुरात म्हणाले.

"टेपने काय, कोणीही बरोबर कापेल," आई म्हणाली. "माझ्या पोरीचंच चुकलं. जिचं मी डोळे मिटून कापू शकते तिचंच." मग ती अगदी शांतपणे म्हणाली, "मामा, गठ्ठा न्या. पण मोठ्या बाईंना सांगा, पुढच्या वर्षी दुसरं कोणीतरी बघा म्हणावं. मला जमणार नाही."

ती हे म्हणाली आणि शिवणयंत्रावर झाकण घालायला वळली. ते झाकण या दिवसांत कधीच पडत नसे. ते सापडेना म्हणून ती टेबलाखाली वाकून शोधू लागली.

थोरली पाहत होती. तिच्या ओठांना मुंग्या यायला लागल्या होत्या. गप्प राहिलं तर सगळं सोपं होतं. जॅकेट चुकलं, पुन्हा शिवायला वेळ लागेल, उद्याची शाळा टळेल. तिने सुट्टीभर मागितलं होतं तेच समोर आलं होतं. फक्त त्यासाठी आईला आंधळं व्हावं लागणार होतं.

"आई, तुझं चुकलं नाही," ती म्हणाली.

"राहू दे गं, समजूत नको घालूस."

"समजूत नाही. तू कापलंस ते बरोबर आहे. मी असायला हवी होते तेवढंच कापलंयस." तिचा आवाज बारीक झाला. "मीच कमी झालेय."

आईने टेबलाखालून मान वर केली.

"मी जेवत नाही. धाकट्याला देते. विचार त्याला."

धाकटा दचकला. "मला वाटलं तिला आवडत नाही," तो म्हणाला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग थोरली बोलत राहिली. पेपर, पेन, बोटं, सर, सगळं. मधेच दम लागला तेव्हा वडिलांनी तिला खुर्चीवर बसवलं आणि स्वतः उभे राहिले. शिपाईमामांना जावं की थांबावं कळेना, ते गठ्ठ्याच्या दोरीला उगीच गाठीवर गाठ मारत होते. "उद्या परत होईल," ती शेवटी म्हणाली. "उद्या नाही तर परीक्षेला होईल. मला माहीत आहे कसं होतं ते. मला नाही जायचं."

आई टेबलाखालून उठून उभी राहिली.

"पंजा म्हणजे तू?"

थोरलीने मान हलवली.

"आणि मी तिला म्हटलं, आमच्याकडे मांजर नाही." आईच्या ओठाचा एक कोपरा हलला, पण ते हसू नव्हतं. "वर चोरखिसा लावून दिला सटवीला."

शिपाईमामांनी गठ्ठा उचलला. "पुढच्या वर्षीचं काय सांगू मग?" त्यांनी हळूच विचारलं.

"काही सांगू नका," आई म्हणाली. "डोळे तपासून घेते आधी. दोरा तर खरंच दिसत नाही."

ते गेल्यावर आईने टेप उचलला. "काढ तो शर्ट," ती म्हणाली. थोरली आतल्या पातळ बनियनवर उभी राहिली आणि आईने जन्मात पहिल्यांदा तिला मापलं. टेपच्या थंड टोकाने ती शहारली. आई आकडे मोठ्याने म्हणत नव्हती. छातीभोवती टेप आला तेव्हा बरगड्यांवरून तिची बोटं फिरली आणि तिथेच थांबली.

"कधीपासून चाललंय हे, आणि मी दुनियेला मापत बसले," ती म्हणाली.

"जॅकेट उसवून परत शिवावं लागेल," थोरली म्हणाली. त्यात अजून थोडी आशा होती.

"नाही उसवत." आईने ओवलेली सुई उशीतून उपसली. "कच्चे टाके घालते आतून. यंत्र नाही लावत, कापड नाही छाटत. भरलीस की दोरा ओढायचा, सुटेल. ओढाताण मात्र करू नकोस, तुटतील." ती टाके घालू लागली. लांब, सैल टाके, आणि सरळसुद्धा नव्हते. थोडा वेळ पाहून थोरलीने सुई तिच्या हातातून घेतली आणि दुसरी बाजू स्वतः घातली.

वडील खिडकीशी उभे होते.

"माझी दुपारची फेरी शाळेवरून जाते," ते म्हणाले. "फाटकासमोरच्या स्टॉपवर मी जरा जास्त थांबेन. नाहीच सहन झालं तर ये, गाडीत बस. कोणी काही विचारणार नाही."

"पॅसेंजर ओरडतील."

"ओरडू देत. त्यांना रोजची सवय आहे."

"आणि परवा?" थोरलीने विचारलं.

आईने दोरा दातांनी तोडला.

सकाळी थोरली अर्धा पेला दूध प्यायली. धाकट्याने आपलं ताट तिच्यापासून लांब, टेबलाच्या पार टोकाला ठेवलं होतं. ती निघाली तेव्हा आई दारापर्यंत आली आणि जॅकेट पाठीवर सारखं केलं. "येते," म्हणून थोरली जिना उतरली.

वर्गात सगळीकडे निळं. तिच्या सुट्टीतला प्रत्येक दिवस कुणाच्या ना कुणाच्या छातीवर बटणाखाली दिसत होता. ती मागच्या बाकावर, खिडकीकडे बसली. पुढून कोणीतरी वळलं.

"अरे, पंजा आली!"

दोघे-तिघे हसले. लंबीने मागे पाहिलं, थोरलीच्या जॅकेटकडे पाहिलं, आणि का कोण जाणे, हसली नाही. पुढे वळून बसली. तेवढंच. बाकीचे हसतच होते.

बाईंनी फळ्यावर वर्षाचं वेळापत्रक लिहायला घेतलं. सर्वात खाली परीक्षेचा महिना लिहिला आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या. थोरलीच्या बोटांच्या टोकांना मुंग्या आल्या. तिने दोन्ही हात जॅकेटच्या आत घातले आणि बगलेखालचे टाके चाचपले. एका बाजूचे लांब आणि वाकडे, दुसऱ्या बाजूचे बारीक. सगळे जागेवर होते. हात आत असल्याने बोटं वळली का, ते कोणाला दिसलं नसतं. तिलाही दिसत नव्हतं, आणि ते बरं होतं.

दुपारी फाटकासमोर बस येऊन थांबली. खिडकीतून तिला वडिलांची टोपी दिसली. माणसं उतरली, चढली. दार उघडंच राहिलं. मागच्या गाडीने हॉर्न दिला, मग आणखी एकाने. बसमधून कोणीतरी खिडकीबाहेर डोकं काढून काहीतरी ओरडलं. टोपी हलली नाही.

थोरलीने दप्तराच्या पट्ट्याला हात घातला. एक टाका कुठेतरी तट् करून तुटला. ती तशीच थांबली, श्वास अडवून, दुसरा तुटतोय का ऐकत.

बसचं दार मिटलं. बस सावकाश निघाली, वळणावर दिसेनाशी झाली.

ती राहिली होती की तिला उठताच आलं नव्हतं, हे तिला स्वतःला सांगता आलं नसतं. बाईंनी पुस्तकं उघडायला सांगितली. तिने जॅकेटमधला दुसरा हात बाहेर काढला, बोटं पाहिली, आणि पान उलटलं.